हाताला कळणारी गाडी

संशय घेणं हा माझा धंदा आहे. विमा उतरवलेल्या गाडीला अपघात झाला, की मालक सांगतो ती हकीकत आणि पत्रा सांगतो ती हकीकत जुळते का, हे बघायला मला पाठवतात. बारामतीत कैक वर्षं मी हेच करते. "उभ्या गाडीला कुणीतरी ठोकून गेलं," असं मालक छातीवर हात ठेवून सांगतो आणि मी वाकून चेपलेल्या दारावर बोट फिरवते. ओरखडा पुढून मागे गेलाय की मागून पुढे, एवढ्यावरून गाडी उभी होती का पळत होती ते कळतं. मग मालक दुसरी हकीकत सांगतो. धंद्यामुळे माझा स्वभाव असा झाला की स्वभावामुळे मी या धंद्यात आले, याबद्दल घरात दोन मतं आहेत. वहिनी म्हणते, मी पाळण्यातही डोळे बारीक करूनच बघत असणार.

त्यामुळे दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, सकाळी सकाळी फोन आला आणि तो गोड आवाजात माझ्या तब्येतीची चौकशी करायला लागला, तेव्हाच मी मनात म्हटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

"आबांची जीप काढून टाकू," तो शेवटी म्हणाला. "त्यांच्या हातात आता किल्ली ठेवण्यात अर्थ न्हाय. तू बोल त्यांच्याशी. तुझं ऐकत्यात."

आबा म्हणजे आमचे वडील. वडगाव निंबाळकरला आमचा ऊस आणि म्हशी आहेत. दादा, वहिनी आणि आबा तिथे राहतात. आई गेल्यापासून आबांचं घराबाहेरचं सगळं जग त्या जुन्या जिपेत आहे. दर रविवारी ते जीप काढून बारामतीवरून इंदापूर तालुक्यातल्या वरकुट्याला जातात, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. ते तिला आक्का म्हणतात. आत्या आता खाटेवरच असते. सगळ्या भावंडांत हे दोघंच उरलेत. फार बोलतात असंही नाही. आबा खाटेशेजारी बसून पान जुळवतात, आत्या त्यांना लहानपणीच्या कागाळ्यांवरून अजून शिव्या घालते, आणि दुपार कलली की आबा परत निघतात. किल्ली गेली तर वरकुटं गेलं. "मी सोडीन की," असं दादा म्हणतो खरं, पण बहिणीला भेटायला दुसऱ्याच्या सवडीची वाट बघायची, हे आबांना सोसणार नाही. दादालाही हे माहीत होतं, मलाही.

"झालंय काय?" मी विचारलं.

"कालव्याच्या पुलापाशी दूधवाल्याला दाबलं. बिचारा मोटारसायकल अन् कॅनसकट कडंच्या चारीत गेला."

"लागलं त्याला?"

"न्हाय लागलं. पर लागलं असतं."

"आबा काय म्हणतात?"

"म्हणत्यात, त्योच मधी आला."

मी फोन ठेवला आणि माझ्या डोक्यातलं चक्र सुरू झालं. दूधवाले कसे गाडी हाकतात ते मला माहीत आहे. आणि दादाला जीप का नको आहे, तेही मला माहीत असल्यासारखं वाटत होतं.

दादानं दिवाळीत नवी गाडी घेतली होती, विजेवरची. शून्यावरून शंभरावर ती किती सेकंदांत जाते, हे तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. पुणे-सोलापूर हायवेवर जाऊन त्याचा व्हिडिओसुद्धा काढलाय. त्यात फक्त आकडा वाढताना दिसतो आणि दादाचा "बघ, बघ" असा आवाज येतो. मला त्यानं एकदा चालवायला दिली. पाय ठेवला, तर पाठ सीटला चिकटली. वेगाबद्दल माझी तक्रार नाही. पण हाताला काही लागलं नाही. स्टिअरिंग म्हणजे रिकाम्या पातेल्यात पळी फिरवावी तसं. रस्ता खडबडीत आहे का गुळगुळीत, पुढची चाकं धरून आहेत का सटकायच्या बेतात आहेत, काही म्हणजे काही कळेना. मग दादानं पडद्यावर बोट लावलं आणि स्पीकरमधून इंजिनाची गुरगुर ऐकू यायला लागली. नसलेल्या इंजिनाची!

"हे काय रे?"

"मजा येती," तो म्हणाला.

जी गाडी नसलेल्या इंजिनाचा आवाज काढून दाखवते, ती आणखी कशाकशाबद्दल थापा मारत असेल, असं माझ्या मनात आलंच.

दुरुस्तीनंतर गाडी फिरवून बघणं माझ्या कामात येतं. त्या निमित्तानं भारी भारी गाड्या माझ्या हाताखालून गेल्यात, ज्यांच्या किमती ऐकून वहिनी कानाला हात लावते. त्यातल्या बऱ्याचशा इतक्या वेगवान आणि इतक्या मुक्या असतात, की शंभराच्या पुढे गेलं तरी आपण घरात सोफ्यावर बसून कुणा दुसऱ्याचा प्रवास बघतोय असं वाटतं. याउलट माझी स्वतःची जुनी, छोटी पेट्रोल गाडी. तिला जोर बेताचाच. पण बारामती-इंदापूर रस्त्याच्या वळणांवर ती साठाच्या आतच मला जागं ठेवते. कुठे पाय उचलायचा, कुठे तिसरा टाकायचा, सगळं तिला विचारून करावं लागतं. उतरल्यावर वाटतं, आपण काहीतरी केलं.

आबांची जीप तर त्याच्याही पलीकडची. तिच्या स्टिअरिंगला पॉवरची कसलीही मदत नाही, गिअरचा दांडा हातभर लांब, आणि चाकाखाली सुपारीएवढा खडा आला तरी तळव्याला कळतो. दादाची गाडी आबांनी कधीच चालवली नाही. दादानं खूप आग्रह केला, तेव्हा ते म्हणाले होते, "गाडी हाताला कळाया पायजे. डोळ्याचं काय, डोळं फसवत्यात." मला ते इतकं पटलं होतं की मी फक्त टाळी द्यायचीच बाकी ठेवली होती.

तर मी शनिवारी वडगावला गेले, माझी कामाची बॅटरी घेऊन. दादा ठिबकच्या नळ्या आणायला बाहेर गेला होता, ते बरंच झालं. मी जिपेभोवती फिरले. ओरखडे होते, बरेच होते, आणि सगळे डाव्या बाजूला होते. पण यात मला काही वावगं वाटलं नाही. गळिताच्या हंगामात समोरून उसानं ओथंबलेली ट्रॉली आली की आमच्या अरुंद रस्त्यावर प्रत्येक जण गाडी डावीकडे दाबतो, आणि डावीकडे बाभळी असतात. आमच्या भागातल्या गाडीची डावी बाजू कोरी दिसली तरच मला संशय येतो.

मग माझी नजर शेडच्या भिंतीवर गेली. जीप उभी राहते त्या जागेच्या बरोबर वर खडूनं एक चौकोन आखला होता.

"हे काय वहिनी?"

"ते व्हय? तितं चार्जर बसवायचाय," वहिनी म्हशीच्या अंगावर पाणी मारता मारता म्हणाली. "जीप हलली की."

झालं. मला हवा होता तो पुरावा मिळाला. बापाची किल्ली काढून घ्यायची, कारण चार्जरला भिंत हवी! मला दादाचा इतका राग आला की मी वहिनीचा चहासुद्धा घेतला नाही.

तरीही दादाला एक संधी द्यावी म्हणून मी आबांची परीक्षा घ्यायचं ठरवलं. आमच्याकडे कोण किती जोरात चालवतो, हे कुणी विचारत नाही. साखर कारखान्याच्या आवारात ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन ट्रॉल्या मागे घेऊन बरोबर जागेवर लावता आल्या, की तो ड्रायव्हर. नाही आल्या, तर तो नुसता स्टिअरिंग धरून बसणारा. पुढे कुणीही जातं, असं आमची माणसं म्हणतात. आबा तरुणपणी या दोन ट्रॉल्यांच्या रिव्हर्ससाठी आसपासच्या गावांत प्रसिद्ध होते. म्हणून मी त्यांना म्हटलं, "आबा, रस्त्यावरनं जीप रिव्हर्स घेऊन आत आणा बघू." वाट अशी, की एका बाजूला गोठ्याची भिंत, दुसऱ्या बाजूला ठिबकच्या नळ्यांचा ढीग, आणि मध्ये जीप मावेल न मावेल एवढी फट.

आबांनी उजव्या खांद्यावरून मागे मान वळवली, एक हात स्टिअरिंगवर ठेवला आणि एका दमात जीप आत आणली. पुढे-मागे नाही, खोळंबा नाही. वहिनी म्हैस सोडून बघत उभी राहिली. मला असा काही अभिमान वाटला, की मी तिथल्या तिथे दादाला फोन लावला आणि सांगितलं, किल्ली आबांकडेच राहील.

दादा म्हणाला, "लोकांच्या गाड्या तू भिंग लावून बघतीस. घरची मातर लगीच पास."

"तुला चार्जर बसवायचाय, ते माहितीय मला."

"चार्जर गोठ्याच्या भिंतीलाबी बसंल," तो म्हणाला. "बरं, असं करू. उद्या आबा वरकुट्याला जाणारच हायत. तूबी चल. वाटंत हायवेला कार्टिंगचा ट्रॅक हाय. आबांना तितं बसवू. समोरचं दिसलं की हातपाय किती लवकर चालत्यात, ते घड्याळावर कळंल. घड्याळ तुझ्या माझ्या बाजूचं न्हाय."

मला यात सापळा दिसला. पण आबांना ही कल्पना सांगितली, तर त्यांचे डोळे लकाकले. "बारक्या गाड्या? चला की!"

रविवारी आबांनी मला बारामतीतून उचललं. दादा त्याच्या गाडीतून पुढे गेला होता. आबांनी जीप छान चालवली. ट्रॅक इंदापूरजवळ, ट्रक थांबतात त्या ढाब्यांच्या मागे आहे. डांबराची वळणावळणाची पट्टी, कडेनं लाल-पांढऱ्या रंगवलेल्या जुन्या टायरांच्या भिंती, आणि एका शेडमध्ये प्रत्येक फेरीची वेळ दाखवणारा फलक. ट्रॅकवाला गॉगल लावलेला, पोट सुटलेला गृहस्थ होता. दादाला बघून तो म्हणाला, "या साहेब, परत आलात?" दादा खोकला. म्हणजे हा आधी येऊन सराव करून गेला होता! मी मनात नोंद केली.

कार्ट मी पहिल्यांदाच जवळून बघत होते. लोखंडी नळ्यांची चौकट, चार बारकी चाकं आणि जमिनीपासून चार बोटांवर सीट. स्प्रिंग नाही, गिअर नाही, दार नाही. दोन प्रकार होते: नव्या, चकचकीत, विजेवरच्या, आणि जुन्या, तेलकट, पेट्रोलवरच्या. ट्रॅकवाला म्हणाला, विजेवरची पुष्कळ जोरात जाते. दादानं अर्थातच ती घेतली. आबांनी दोन्हींचं स्टिअरिंग हलवून बघितलं आणि पेट्रोलवालीकडे बोट केलं. ट्रॅकवाल्यानं त्यांच्या पायजम्याच्या घोट्यांना रबर बांधले, डोक्यावर हेल्मेट चढवलं, आणि आबांनी आपली टोपी घडी घालून माझ्याकडे दिली.

कार्टमध्ये ब्रेक डाव्या पायाखाली असतो. आबांचा डावा पाय जन्मभर क्लच दाबत आलेला. पहिल्याच वळणाला त्यांनी सवयीनं तो पूर्ण दाबला आणि कार्ट गर्रकन फिरून उलटं तोंड करून उभी राहिली. दादानं माझ्याकडे "बघितलंस?" अशा नजरेनं पाहिलं. पण आबा हसत होते. पुढच्या वळणाला डावा पाय नुसता टेकवला, आणि त्यानंतर मला जे बघायला मिळालं, ते मी विसरणार नाही.

कार्टची मागची दोन्ही चाकं एकाच दांड्यावर असतात, त्यामुळे तिला मुळात वळायचंच नसतं. नुसती ओढाताण केली की ती हट्टी म्हशीसारखी सरळ जाते. आबांनी ते हाताला कळल्याबरोबर ओढाताण सोडून दिली. वळणाआधी पाय उचलायचा, स्टिअरिंग एकदाच वळवून तिथंच धरायचं आणि कार्टला तिच्या मनानं फिरू द्यायचं. आवाजात चढउतार नाही, टायरची किंकाळी नाही. मग दादा गेला. तो प्रत्येक वळणात घुसायचा, मागचा भाग घसरायचा, स्टिअरिंग चारदा इकडे तिकडे करायचा, आणि सरळ पट्टी आली की सुसाट सुटायचा. फलकावर दादाच्या फेऱ्या आबांच्या फेऱ्यांपेक्षा कमी वेळाच्या होत्या, यात वाद नाही. पण दादाचे आकडे वरखाली नाचत होते आणि आबांचे जवळजवळ एकसारखे होते. दादा फलकासमोर उभा राहून डोकं खाजवत होता.

"आता तिघं एकदम जाऊ," मी म्हटलं. मला राहवलंच नाही.

त्या पहिल्या काही मिनिटांचा आनंद काय सांगू! बरगड्या सीटवर आदळत होत्या, बोटांना मुंग्या येत होत्या, डांबराचा कण न् कण मनगटात येत होता. वेग काही फार नसेल, पण एवढ्या खालून तो दुप्पट वाटतो, आणि मुख्य म्हणजे तो माझा होता. आबा माझ्या पुढे होते. एका वळणाच्या तोंडाशी मला आतल्या अंगाला, त्यांच्या डावीकडे, भरपूर जागा दिसली आणि मी नाक घातलं. आबा सरळ माझ्या अंगावर वळले. धाडकन आवाज झाला. मी मागे राहिले. म्हटलं, म्हातारा खट आहे, लेकीलाही वाट देत नाही.

पुढच्या फेरीत मी उजवीकडून गेले. आबांनी लांबूनच हात हलवून "जा, जा" केलं आणि अदबीनं कडेला झाले. मला नवल वाटलं. मी मुद्दाम हळू होऊन पुन्हा त्यांच्या मागे आले आणि डावीकडून शेजारी गेले. अगदी खांद्याला खांदा लावून. हात लांब केला असता तर त्यांचा दंड धरता आला असता. आबा पुढे बघत शांतपणे माझ्या अंगावर वळले.

सरळ पट्टीवर ट्रॅकवाला डाव्या कडेला उभा राहून निळं निशाण हलवत होता; मागच्याला वाट द्या, असा त्याचा अर्थ त्यानं सुरुवातीलाच समजावून सांगितला होता. आबा त्याच्या समोरून तसेच गेले. दादा उजवीकडून झपकन पुढे निघून गेला. त्याला काहीच कळलं नाही. मला कळलं. मी कार्ट कडेला घेऊन थांबवली.

जिपेचे ओरखडे डावीकडचे. दूधवाला चारीत गेला, म्हणजे तोही डावीकडचाच. गोठ्यापाशी रिव्हर्स घेताना आबांनी उजव्या खांद्यावरून बघितलं होतं, आणि ती वाट तर त्यांची वर्षानुवर्षांची पाठ होती. आणि सकाळपासून आबांनी जीप छान चालवली होती, कारण डाव्या सीटवर मी होते. आमच्याकडे डाव्या सीटवर जो बसतो त्यानं ट्रकच्या क्लीनरसारखं बोलत राहायचं असतं: "सायकल हाय, येऊ द्या, येऊ द्या, शेरडं हायत." कुणी सांगावं लागत नाही, तोंडाला सवयच असते. बारामतीपासून इंदापूरपर्यंत मी त्यांना डावीकडचं सगळं सांगत आले होते आणि त्यांची चालवण्याची वाहवाही करत आले होते.

आणखी एक गोष्ट मला त्या टायरांच्या भिंतीपाशी बसून कळली, आणि ती मला जास्त लागली. ज्या गुणासाठी मी जिपेची बाजू घेत होते, त्याच गुणानं आबांचा डोळा झाकून ठेवला होता. रस्ता हाताला कळत होता, म्हणून नजर गेल्याचं कुणाला कळलं नाही. दादाच्या मुक्या गाडीत ते पहिल्याच दिवशी सापडले असते, आणि म्हणूनच ते तिच्यात बसत नव्हते. मी इतके दिवस दादावर संशय घेत बसले होते.

शेडमध्ये दादा आबांच्या पाठीवर थाप मारत होता. "आबा, मानलं तुमाला! एका मापाच्या फेऱ्या काढल्या." मग माझ्याकडे वळून, जरा ओशाळून म्हणाला, "राहू दे किल्ली त्यांच्याकडं. माझंच चुकलं." आबांचा चेहरा लहान मुलासारखा खुलला होता. दादा पैसे द्यायला गेला. मी आबांना घेऊन जिपेपाशी आले. मला रडू येत होतं आणि त्यांचा रागही येत होता.

आबा किल्ली हातात खेळवत माझ्याशी बोलत होते, ती बारकी गाडी कशी पायाला ऐकते ते सांगत होते. मी पावलांचा आवाज न करता दोन पावलं सरकले आणि त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभी राहिले. आबा मी आधी होते त्या मोकळ्या जागेकडे बघून हसत बोलत राहिले. मग थबकले. मान वळवून मला शोधलं.

"कधीपास्नं, आबा?"

ते जिपेच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "मागल्या हंगामापास्नं. आदी कडंला धुरकाट दिसायचं. मग कडच गेली."

"कुणाला बोलला न्हाय?"

"बोलून काय? जीप चालती की. हाताला कळतंय समदं. खड्डा कळतो, वळाण कळतं, टायरात हवा कमी हाय ते कळतं."

"रस्ता कळतो, आबा. रस्त्यावरचा माणूस हाताला न्हाय कळत."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. पलीकडे ट्रकमध्ये जेवत बसलेला ड्रायव्हर आमच्याकडे बघायला लागला. आबांनी मान खाली घातली.

"त्यो दूधवाला मला दिसलाच न्हाय," ते म्हणाले. "वरडला तवा कळलं. अन् मी थांबलोबी न्हाय. भ्यालो. दुसऱ्या दिशी त्याच्या दारात जाऊन आलो, च्या पिऊन आलो, पर तोंडातनं शब्द निघाला न्हाय."

पुढे डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येत नाही, आणि उजव्यालाही सुरुवात होती; ती तेवढी थोपवता येईल, असं ते म्हणाले. पण त्या दुपारी आम्हाला हे माहीत नव्हतं. त्या दुपारी आबांना एकाच गोष्टीची काळजी होती.

"मग आक्काचं काय?" त्यांनी विचारलं. "आक्काकडं कोण नेणार मला? सवड गावली की नेणार व्हय, पार्सल टाकल्यागत?"

"मी नेणार. दर रविवारी. ह्याच जिपेनं. अन् उद्या दवाखान्यात."

"तुला जमंल?" ते संशयानं म्हणाले. "गिअर टाकताना दांडा आदी जरा स्वतःकडं घ्यावा लागतो. जोर करशील अन् दात मोडशील."

"शिकवा मग."

आबांनी किल्लीकडे बघितलं, आणि मग ती माझ्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. मी उचलली. ते जिपेला वळसा घालून डावीकडे गेले, चढून बसले आणि दार ओढलं. दार लागेना. त्यांनी पुन्हा ओढलं. आतल्या खिटीला आधी वर उचलून मग दाबावं लागतं. त्या बाजूला बसणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते माहीत आहे. आबा त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. स्वतःच्या जिपेचं दार त्यांना लावता येईना. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले, त्यांच्या पुढून हात घातला आणि खिटी कशी उचलायची ते दाखवलं.

तेवढ्यात दादाची गाडी आवाज न करता शेजारी येऊन उभी राहिली. त्यानं काच खाली घेतली आणि आमच्याकडे आलटून पालटून बघितलं.

"आबा? तुमी ह्या बाजूला कसं?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं, उजव्या डोळ्यानं. मग दादाच्या आवाजाच्या दिशेनं सगळी मान फिरवली.

"तिला जीप शिकायची हाय," ते म्हणाले. "कधीपास्नं पाठी लागलीया."

दादा माझ्याकडे बघत होता. मी क्लच दाबला, दांडा जरा माझ्याकडे घेतला आणि म्हणाले, "व्हय. शिकायचीय."